पीव्हीसी ताडपत्री: दुकानात विचारले जाणारे प्रश्न, आणि विचारायचे राहून जातात तेही

मे महिना संपत आला की आमचा फोन वाजायला लागतो. पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच, "जाडातली जाड ताडपत्री कितीला बसेल?" आम्ही उलट विचारतो, "झाकायचंय काय?" काहींना याचा राग येतो. पण ट्रक, गोठा, गणपतीचा मांडव आणि माशांची टाकी यांना एकच ताडपत्री चालत नाही. शिवाय निम्म्या लोकांचं काम पीव्हीसी न घेताही भागतं. गेल्या काही वर्षांत काउंटरवर आणि वेल्डिंगच्या टेबलावर जे प्रश्न आले, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

पीव्हीसी ताडपत्री म्हणजे नेमकं काय?

मधे कापड आणि दोन्ही बाजूंनी पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकचा थर. कापड पॉलिस्टरच्या मजबूत धाग्याचं असतं. चांगल्या मालात हा धागा बहुधा १००० डेनियरचा असतो, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन १००० ग्रॅम भरतं. ओढ सहन करण्याचं काम हे कापड करतं. पाणी, ऊन आणि घासणं वरचा थर अंगावर घेतो.

पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाचा पाइप त्याचाच. त्यात तेलासारखा एक पातळ पदार्थ मिसळला की ते मऊ आणि लवचिक होतं. या पदार्थाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. वाल्डो सेमन या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने १९२६ साली बी. एफ. गुडरिच कंपनीत काम करताना ही युक्ती शोधली. रेक्झिन, रेनकोट, वायरीचं आवरण आणि आपली ताडपत्री हे सगळं तिथूनच सुरू झालं. ताडपत्रीच्या थरात वजनाने साधारण तिसरा हिस्सा हा प्लॅस्टिसायझरच असतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ताडपत्री कडक का होते, चिकट का होते, थिनरने का पुसायची नाही, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथेच आहेत.

मग 'ताडपत्री' का म्हणायचं? ताडाचा काय संबंध?

आता काही नाही. ताडपत्र म्हणजे ताडाचं पान. इंग्रजी 'टारपॉलिन'मधला 'टार' मात्र डांबर, कारण जहाजावरच्या कापडाला पाणी लागू नये म्हणून पूर्वी डांबर फासत. ट्रकवाले हिंदीतून आलेला 'तिरपाल' म्हणतात. तिन्ही शब्द सांगा, आम्हाला कळतं.

बाजारात निळी ताडपत्री कितीतरी स्वस्त मिळते. ती का घेऊ नये?

घ्या की! ती एचडीपीईची, म्हणजे एका जातीच्या पॉलिथिनची असते. प्लॅस्टिकच्या सपाट पट्ट्या विणून त्यावर पातळ थर दिलेला असतो. सिमेंटची किंवा खताची गोणी आठवा, त्याच जातीतला माल. सिलपॉलिन म्हणून जे मिळतं तेही पॉलिथिनच आहे, फक्त त्यात विणकाम नसतं, आडव्या-उभ्या ताणाचे थर एकमेकांवर चिकटवलेले असतात.

सोयाबीन कापून गंजी लावली आहे, परतीचा पाऊस डोक्यावर आहे आणि मळणी यंत्र आठ दिवसांनी येणार आहे, अशा वेळी पीव्हीसीवर पैसे घालणं वेडेपणा आहे. २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) एचडीपीई आणा, दोन हंगाम वापरा. वजनाने हलकी असल्याने एकटा माणूस ती पसरू शकतो. खळ्यावर धान्य वाळवायला, कडब्याच्या गंजीवर टाकायला, ऊसतोडीच्या कोपीवर घालायला तीच बरी.

वस्तू रोज हलते, घासली जाते, ताणली जाते किंवा मोजून-मापून शिवावी लागते, तिथे पीव्हीसी लागते. ट्रकचं आच्छादन, टेम्पोचा हूड, दुकानापुढचा उतरता पडदा, कायमचा मांडव, पाण्याची टाकी ही त्याची ठिकाणं. दुसरं मोठं कारण वेल्डिंग. पीव्हीसीचे दोन तुकडे उष्णतेने एकजीव होतात, त्यामुळे हवी तशी पिशवी, नळी किंवा खोका करता येतो. हाय फ्रिक्वेन्सी मशीन २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरींनी पीव्हीसी आतून तापवतं. तेच मशीन पॉलिथिनवर चालवलं तर काहीच होत नाही, ते त्या लहरींना दाद देत नाही.

जीएसएम म्हणजे काय? मला किती जीएसएमची लागेल?

एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ६५० जीएसएम म्हणजे एक मीटर बाय एक मीटर तुकडा ६५० ग्रॅम भरतो. परदेशी मालावर औंसात लिहिलेलं असतं. १८ औंस म्हणजे आपले साधारण ६१० जीएसएम.

आम्ही ढोबळमानाने असं सांगतो: पडदे आणि हलके हूड ४५० ते ५५०, ट्रक आणि टाक्या ५५० ते ६५०, बारा महिने ताणून ठेवायची छपरं आणि मोठे मांडव ६५० ते ९००. पण नुसत्या जीएसएमवर जाऊ नका. थरात खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भरपूर घातली की वजन वाढतं आणि ताकद वाढत नाही. आत कापड विरळ आणि वर थर जाड असला तरी वजन तेवढंच भरतं. म्हणून जीएसएमच्या सोबत आतलं कापड किती डेनियरचं आणि इंचाला किती धागे, हेही विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर त्यातूनही काही कळतंच.

आणखी एक. जाड म्हणजे जड. ३० फूट बाय १८ फूट ताडपत्री म्हणजे ५० चौरस मीटर. ६५० जीएसएममध्ये ती साडेबत्तीस किलो भरते, २०० जीएसएमच्या एचडीपीईत १० किलो. पावसात भिजलेली साडेबत्तीस किलोची घडी ट्रकच्या टपावर एकट्या क्लीनरला चढवायला सांगून बघा. मग तो ती फरफटत नेतो आणि पहिली भोकं तिथेच पडतात.

सांगितलेला जीएसएम खरा आहे हे कसं तपासायचं?

वजनकाट्यावर. लांबी गुणिले रुंदी फुटांत काढा, त्याला ०.०९२९ ने गुणा म्हणजे चौरस मीटर मिळतील. किलोतल्या वजनाला १००० ने गुणून त्या आकड्याने भागा. कडेची दुमड आणि आयलेट (दोरी ओवायच्या भोकाची धातूची कडी) यामुळे वजन थोडं जास्तच भरायला हवं. ६५० सांगून ५६० निघाले तर भाव त्याप्रमाणे करा.

मायक्रॉनमध्ये सांगितलं तर?

मायक्रॉन म्हणजे जाडी, जीएसएम म्हणजे वजन. ६५० जीएसएमची पीव्हीसी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉनच्या आसपास येते. दोन वेगळ्या प्लॅस्टिकची मायक्रॉनमध्ये तुलना करू नका, कारण त्यांची घनता वेगळी असते.

पीव्हीसी म्हणून दुसरंच काही गळ्यात मारलं तर ओळखायचं कसं?

नखाएवढा तुकडा कापा आणि साबणाच्या पाण्यात बुडवून बोटांनी चोळा, म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे जातील. पीव्हीसी बुडते. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. ही परीक्षा दुकानात चहाच्या ग्लासातसुद्धा होते.

मग कापलेली कड बघा. आत पांढरं कापड स्पष्ट दिसायला हवं. नखाने थर उचलायचा प्रयत्न करा. सालीसारखा निघून आला तर तिथेच ठेवून या. कोपरा दहा-बारा वेळा उलटसुलट दुमडा. पांढरी रेघ उमटली किंवा भुकटी निघाली तर थरात खडू जास्त आहे. शेवटी उन्हाकडे धरून बघा, सुईएवढी भोकं असली तर ताऱ्यांसारखी चमकतात. जाळून बघण्याचा सल्लाही लोक देतात. तो मानू नका, त्या धुराबद्दल पुढे लिहिलं आहे.

'कोटेड' आणि 'लॅमिनेटेड' यात फरक काय? भाव एवढा वेगळा का?

कोटेडमध्ये पीव्हीसीचा पातळ लगदा कापडावर पसरून सुरीसारख्या पात्याने सारखा करतात आणि भट्टीत भाजतात. लगदा धाग्यांच्या फटींत शिरतो आणि दोन्ही बाजूंचे थर आतून एकमेकांना धरतात. लॅमिनेटेडमध्ये तयार प्लॅस्टिकच्या दोन फिल्म कापडाच्या वर-खाली ठेवून उष्णतेने दाबतात. ते काम झटपट होतं आणि स्वस्त पडतं. पण ऊन-पावसात दोन-तीन वर्षं गेली की फिल्म फुगते, आत पाणी शिरतं आणि थर सुटतात.

लॅमिनेटेड माल बघायचा असेल तर लांब जायला नको. चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा जो फ्लेक्स लागलेला असतो तो तोच. तेच पॉलिस्टर, तेच पीव्हीसी, फक्त विरळ आणि पातळ.

मग जुना फ्लेक्सच वापरला तर? आमच्याकडे गोठ्यावर आहे.

सगळ्यांकडेच आहे. निवडणूक झाली की अर्ध्या तालुक्याच्या गोठ्यांवर उमेदवार हात जोडून उभे असतात. आडोसा म्हणून ठीक आहे. पण फ्लेक्स एका जागी चिरला की ती चीर वाऱ्याने टोकापर्यंत जाते, कारण आतलं कापड विरळ असतं. छपाईची बाजू वर ठेवलीत तर रंग आधी उडेल, खालची बाजू वर केलीत तर ती तडकेल. फुकट मिळालाय, एक पावसाळा काढा. १ जुलै २०२२ पासून देशभर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे, म्हणून हल्ली येणारा माल आधीपेक्षा थोडा जाड दिसतो.

ही शंभर टक्के वॉटरप्रूफ असते ना?

कापड असतं, ताडपत्री असेलच असं नाही. पाणी तीन ठिकाणांहून शिरतं. पहिलं ठिकाण शिवण. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक गळतं, मेणाचा दोरा वापरला तरी. जोड वेल्डिंगचाच मागा. दुसरं ठिकाण आयलेट. तिसरं कुणाच्या लक्षात येत नाही: कापलेली उघडी कड. आतला पॉलिस्टरचा धागा दिव्यातल्या वातीसारखं पाणी ओढतो आणि ते थरांच्या मधून आत आत सरकत जातं. काही महिन्यांनी कडेपासून हातभर आत काळपट रेघा दिसतात, ती आत वाढलेली बुरशी. कड दुमडून वेल्ड केलेली असेल तर हे टळतं. भारी मालात धाग्यालाच पाणी न ओढण्याची प्रक्रिया केलेली असते.

वेल्डिंग पक्कं आहे का ते बघायला जोडाचं एक टोक पकडून जोरात उकला. जोड सुटण्याआधी थर फाटून आतलं कापड दिसलं तर वेल्डिंग चांगलं. सहज सुटलं तर मशीन घाईत चालवलंय.

ट्रकसाठी माप कसं काढायचं?

हौदाचं नाही, भरलेल्या मालाचं माप घ्या. समजा हौदा २० फूट बाय ८ फूट आहे, माल फाळक्याच्या वर ३ फूट जातो आणि खाली बांधायला दीड फूट हवा. म्हणजे चारही बाजूंना साडेचार फूट. लांबी २० अधिक ९, रुंदी ८ अधिक ९. झाले २९ बाय १७. ३० बाय १८ घ्या.

बांधताना लक्ष ताणाकडे द्या. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ट्रकच्या ताडपत्र्या फाटलेल्या असतात त्या बहुतेक फडफडीने. महामार्गावर ढिली ताडपत्री एकाच घडीवर तासन् तास आपटत राहते आणि तिथला थर तडकतो. फाळक्याच्या कोपऱ्यावर जुन्या टायर ट्यूबचा तुकडा आधी टाका. दोरीच्या शेवटच्या वेढ्यातही ट्यूबची पट्टी बांधली तर धक्का ती खाते आणि आयलेट वाचतं. ट्रकवाले हे कधीपासून करतात, आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

गच्ची गळते. वरून पीव्हीसी ताडपत्री टाकली तर?

एका पावसाळ्यापुरती तात्पुरती सोय होईल. पण गच्चीवर डांबराचं वॉटरप्रूफिंग केलेलं असेल तर त्यावर पीव्हीसी थेट टाकू नका. डांबर आणि पीव्हीसी यांचं जमत नाही. ताडपत्रीतला प्लॅस्टिसायझर डांबरात उतरतो, डांबर मऊ पडतं, ताडपत्री डागाळते आणि कडक होते. मधे पॉलिथिनचा कागद टाका किंवा वर एचडीपीईच वापरा. थर्माकोलचंही तसंच. पीव्हीसीला चिकटून ठेवलेलं थर्माकोल काही दिवसांत खड्डे पडून बसतं, त्याच कारणाने.

पत्र्याच्या किंवा कौलाच्या छपरावर? वाऱ्याला टिकेल?

ताडपत्री टिकेल. प्रश्न आहे तिला बांधलेल्या लाकडाचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कौलं आणि पत्रे उडालेल्या घरांवर घालायला मिळेल ती ताडपत्री लोकांनी उचलली, आणि पुढचा सगळा पावसाळा त्याखाली काढला. अशा वेळी हिशोब माहीत असलेला बरा.

इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. त्यातलं सूत्र सोपं आहे: वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणा. वेग सेकंदाला मीटरमध्ये, दाब चौरस मीटरला न्यूटनमध्ये. ताशी ७२ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला २० मीटर. दाब आला २४० न्यूटन, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर साधारण साडेचोवीस किलो. आपल्या ३० बाय १८ च्या ताडपत्रीवर तो पूर्ण बसला तर सव्वा टन होतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. याच मानकात रचना करताना धरायचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आहे, पुण्यासाठी ३९. चार खिळ्यांवर आणि सुतळीवर हे निभत नाही.

म्हणून छपरावर टाकताना ताडपत्री वाशाला किंवा पाइपला गुंडाळून तो पाइप बांधा, म्हणजे ओढ दहा आयलेटांवर न येता सगळ्या कडेवर पसरते. वर विटा किंवा दगड ठेवू नका. वाऱ्याने ताडपत्री उचलली की तोच दगड खाली कुणाच्या तरी डोक्यात जातो.

मांडवाच्या छताला मधे पाणी साचतं. ताडपत्री कमी ताणली गेली का?

ताणही कमी आणि उतारही कमी. आणि हे वाऱ्यापेक्षा जास्त फसवं आहे, कारण हळूहळू होतं. १० फूट बाय १० फुटांच्या चौकटीत चार इंच पाणी साचलं तर ते साडेनऊशे किलो भरतं. त्या वजनाने ताडपत्री आणखी खाली येते, खड्डा मोठा होतो आणि त्यात अजून पाणी येतं. पीव्हीसी फाटत नाही म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. ती खरंच फाटत नाही, बांबू मोडतो. कमी ताकदीची ताडपत्री फाटून पाणी सोडून देते, मजबूत ताडपत्री सगळा मांडव घेऊन खाली येते. खालून काठीने ढकलून पाणी उडवायचं काम कार्यकर्त्यांवर सोडू नका. सुरुवातीलाच मधला खांब उंच घ्या आणि उतार ठळक दिसेल असा ठेवा.

पीव्हीसीला आग लागत नाही असं ऐकलंय. खरं का?

अर्धं खरं. पीव्हीसीच्या वजनात ५७ टक्के क्लोरीन असतो आणि तो ज्वाळेला आवर घालतो. कडक पाइप म्हणूनच सहज पेटत नाही. पण ताडपत्रीत मऊपणासाठी घातलेला प्लॅस्टिसायझर स्वतः जळतो, आतलं पॉलिस्टरही जळतं. म्हणून साधी पीव्हीसी ताडपत्री ज्योतीवर धरली तर पेटू शकते. अग्निरोधक प्रतीत अँटिमनी ट्रायऑक्साइडसारखी द्रव्यं मिसळलेली असतात. ज्योत बाजूला काढली की ती विझायला हवी. मांडवासाठी घेत असाल तर तोंडी शब्दावर विसंबू नका, त्या मालाचा चाचणी अहवाल मागा. मांडवांच्या आगीपासूनच्या खबरदारीसाठी आयएस ८७५८ हे मानक आहे, आणि परवानगी देताना तुमच्या शहराचं अग्निशमन दल काय अटी घालतं हे आधी विचारून मगच माल घ्या. आम्ही उगाच खप वाढवण्यासाठी होकार देणार नाही.

धूर मात्र वाईटच. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो ओलाव्यात मिसळला की आम्ल होतं, मग डोळे आणि घसा दोन्ही जळतात.

धान्य, कांदा, बेदाणा झाकायला चालेल?

झाकायला चालेल, गुंडाळायला नाही. पीव्हीसीतून पाणी आत जात नाही, तसा ओलावा बाहेरही जात नाही. दिवसा ढीग तापतो, वाफ वर येते. रात्री ताडपत्री गार पडते आणि तीच वाफ आतल्या बाजूला थेंब होऊन खाली गळते. सकाळी लोक म्हणतात, "ताडपत्री गळली." पाऊस पडलेलाच नसतो! धान्य १२ टक्क्यांच्या आसपास वाळलेलं नसेल तर दीर्घकाळ झाकूच नका. खाली लाकडी फळ्या टाका, वर बांबूची कमान करून ताडपत्री मालापासून हातभर उंच ठेवा आणि दोन्ही तोंडं उघडी ठेवा.

कांद्याच्या बाबतीत तर वारा हेच औषध आहे. चाळीच्या बाजूंना पीव्हीसीचे गुंडाळता येणारे पडदे लावा, अवकाळी आली की सोडा, ओसरली की लगेच वर घ्या. बेदाणा शेडलाही हेच. पडदा किती जाड आहे यापेक्षा तो पाच मिनिटांत खाली येतो का, याला महत्त्व आहे. म्हणून अशा ठिकाणी आम्ही ६५० ऐवजी ४५० सुचवतो.

शेततळ्याला लावता येईल?

नका लावू. तळ्याच्या अस्तराला पॉलिथिनची जिओमेम्ब्रेन असते, बहुतेक ठिकाणी ५०० मायक्रॉनची. ती त्याच कामासाठी बनवलेली असते.

आणि बायोफ्लॉकची टाकी?

म्हणजे मासे वाढवायची टाकी. तिथे पीव्हीसीच. गोल लोखंडी जाळीच्या आत वेल्ड केलेली ताडपत्रीची टाकी बसवतात. ४ मीटर व्यासाच्या टाकीत १.२ मीटर पाणी म्हणजे १५,००० लिटर, म्हणजे १५ टन. तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर १२०० किलो भार. जमिनीतून वर आलेला हरभऱ्याएवढा खडा या वजनाखाली ताडपत्रीतून आरपार जातो. म्हणून ५५० ते ६५० जीएसएमची टाकी घेतलीत तरी खाली बारीक माती चाळून टाका, त्यावर फोम किंवा जुनी एचडीपीई, मग टाकी. जाळीची टोकं आत वळलेली नाहीत ना ते हाताने चाचपून बघा. नवी टाकी धुऊन, पाण्याने भरून दोन-तीन दिवस ठेवा, ते पाणी सोडून द्या. वास जाईपर्यंत हेच पुन्हा करा, आणि माशांचं बीज त्यानंतर सोडा.

नव्या ताडपत्रीला वास येतो तो कसला? अपायकारक आहे का?

प्लॅस्टिसायझर आणि इतर द्रव्यांचा. मोकळ्या हवेत दोन-चार दिवस पसरली की कमी होतो. डोकं दुखेल इतका उग्र वास फार दिवस टिकला तर माल हलका असण्याची शक्यता आहे. स्वस्त मालात डीओपी नावाचा प्लॅस्टिसायझर असतो, त्यावर युरोपात लहान मुलांच्या खेळण्यांत बंधनं आहेत. छप्पर किंवा ट्रक झाकायला त्याची चिंता नको. पिण्याचं पाणी, पीठ किंवा ताजे मासे थेट टेकणार असतील तर मात्र खाद्यपदार्थांसाठी प्रमाणित असलेलीच प्रत घ्या. साध्या ताडपत्रीच्या टाकीतलं पाणी पिऊ नका.

उन्हात किती वर्षं टिकते?

एकच आकडा सांगणारा विक्रेता अंदाजच सांगतो. अतिनील किरणांना रोखणारी द्रव्यं असलेली, दोन्ही बाजूंनी कोट केलेली, वर लॅकरचा (वार्निशसारख्या पातळ थराचा) हात दिलेली ६५० ची ताडपत्री नीट ताणून लावली तर पाच वर्षं सहज जाते, पुढेही जाते. लॅकर नसेल तर प्लॅस्टिसायझर हळूहळू पृष्ठभागावर येतो, धूळ त्यावर चिकटते आणि पांढरी ताडपत्री करडी होते. तो उडून गेला की थर कडक होतो आणि घडीवर तडकतो. फिकट रंग कमी तापतो म्हणून जास्त जातो. काळ्या पीव्हीसीला दुपारी हात लावून बघा, मग रंग ठरवा.

थंडीचा विचार महाराष्ट्रात करू नका. हिमाचल किंवा काश्मीरला जाणारी गाडी असेल तर थंडीत न तडकणारी प्रत मागा.

धुवायची कशी आणि ठेवायची कशी?

साधा साबण, मऊ ब्रश, पाणी. पेट्रोल, रॉकेल, थिनर अजिबात नको, ते प्लॅस्टिसायझर ओढून घेतात. आज लख्ख दिसेल, महिन्याने पापडासारखी होईल. पूर्ण वाळवूनच घडी घाला. पीव्हीसीला बुरशी खात नाही, पण त्यातल्या प्लॅस्टिसायझरवर ती वाढते आणि तो डाग निघत नाही. दर वेळी त्याच रेघेवर घडी घालू नका. जमलं तर पाइपवर गुंडाळा. आणि धान्याच्या गोण्यांशेजारी ठेवू नका, उंदीर गोणीकडे जाताना वाटेत हीच कुरतडतात.

फाटली तर घरी ठिगळ लावता येईल?

येईल, पण फेव्हिकॉल, एम-सील आणि पंक्चरचं सोल्यूशन या तिन्हींनी नाही. पंक्चरवाल्याचं सोल्यूशन पहिल्या दिवशी घट्ट वाटतं, मग प्लॅस्टिसायझर त्यात उतरून ते च्युइंगमसारखं होतं. पीव्हीसीसाठीचं चिकटद्रव्य हार्डवेअरच्या दुकानात मागा. त्याच जातीच्या कापडाचा तुकडा घ्या, चिरेच्या चहूबाजूंनी किमान दोन इंच मोठा, आणि कोपरे गोल कापा. चौकोनी कोपरा सगळ्यात आधी उचलला जातो. दोन्ही बाजू स्पिरिटने पुसून कोरड्या करा, चिकटवून रात्रभर वजन ठेवा. शक्य असेल तर ठिगळ आतून लावा.

हॉट एअर गन असेल तर काम अजून पक्कं होतं. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा. थर चकाकून मऊ झाला की रुळाने दाबायचं. तपकिरी होऊन धूर आला म्हणजे जळतंय, आणि तो धूर नाकात घेण्यासारखा नाही. दार-खिडक्या उघड्या ठेवा.

आयलेट कसली घ्यावी?

कोकणात आणि किनाऱ्यालगत पितळेची. लोखंडी आयलेट खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजते आणि गंजाची धार कापडच कापते. दुमडलेल्या कडेत दोरी घातलेली असावी, आणि आयलेट दर तीन फुटांवर असते त्याऐवजी वाऱ्याच्या जागी दीड-दोन फुटांवर मारून घ्या. जास्तीचा खर्च किरकोळ असतो.

जुनी ताडपत्री टाकायची कुठे?

पॉलिस्टर आणि पीव्हीसी एकमेकांना इतकं चिकटलेलं असतं की वेगळं करणं अवघड जातं, म्हणून भंगारवाला बहुतेक वेळा नाक मुरडतो. पण धड भाग बराच उरलेला असतो. त्यातून पंपाचं झाकण, बैलगाडीतला गादीखालचा तुकडा, टाकीखालचं अस्तर, दुरुस्तीची ठिगळं निघतात. आमच्याकडे आणून दिलीत तर ठिगळांसाठी आम्ही ठेवून घेतो. चुलीत, गुऱ्हाळाच्या भट्टीत किंवा होळीत मात्र घालू नका. जळत्या पीव्हीसीतून आम्लाचा धूर तर निघतोच, शिवाय डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात.

मी ३० बाय १८ सांगितली होती, घरी मोजली तर साडेएकोणतीस बाय साडेसतरा भरली. फसवलं का?

फसवलं नाही, पण सांगायला हवं होतं. बाजारात माप बहुधा कापाचं सांगतात. चारही कडा दुमडून वेल्ड केल्या की प्रत्येक बाजूला दोन-तीन इंच आत जातात. ऑर्डर देताना "तयार माप हवं" असं म्हणा आणि बिलावर तसं लिहून घ्या. आम्हीही आता पावतीवर दोन्ही मापं लिहितो, कारण गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक टेप घेऊनच परत आलं होतं.